मापाच्या दोऱ्यांचा डबा

आमचं गाव भीमेच्या अलीकडचं की पलीकडचं, हे मी सांगणार नाही. शिरूरकरांनी ते दौंड तालुक्यात आहे असं समजावं, दौंडकरांनी शिरूरमध्ये. राहूच्या बाजाराला मी लहानपणी जात असे आणि पाबळ माझं आजोळ, एवढ्यावरून ज्यांना शोध लावायचा त्यांनी लावावा, हाती काही लागणार नाही. माणसांची नावंही मी बदलली आहेत. आईचं तेवढं खरं ठेवलं आहे, इंदू. ती असती तर तेही बदल म्हणाली असती, पण तिच्याबद्दल लिहायचं आणि नाव दुसरंच घालायचं, हे मला जमेना. आणि शिवणकाम करणाऱ्या इंदू त्या काळी दोन्ही तालुक्यांत पैशाला पासरी होत्या.

दोन खोल्यांचं घर. वडील रेल्वेत गँगमन, दौंडला. पाळी असेल तसे येत, येताना खारी किंवा बटर आणत, आणि खाकी कपड्यांतून डांबराचा आणि लोखंडाचा वास घरभर पसरे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आईचं पायमशीन. त्याच्या आवाजावर मी वाढले. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, की आता सरळ शिवण चालली आहे, आता बाहीचा मुंडा आला, आता आई थांबली म्हणजे दोरा तुटला. सकाळी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं, आणि सगळ्यांत आवडतं म्हणजे हुलग्याच्या शेंगोळ्या. त्या आई फार क्वचित करी, कारण वळायला वेळ लागतो आणि तिचे हात कायम कापडात. मशीनच्या तेलाचा वास भाकरीला लागतो अशी वडिलांची तक्रार असे, पण भाकरी ते एक जास्तच खात.

आईला आकडे वाचता येत नव्हते. ती शाळेत गेलीच नव्हती. पाबळच्या तिच्या आत्याकडून ती शिवण शिकली, आणि आत्याची रीत होती दोऱ्याची. गोधडीचा जाड पांढरा दोरा घ्यायचा, एका टोकाला दुहेरी गाठ मारायची आणि त्या टोकापासून एकेक माप घेत पुढं जायचं. बाहीची गाठ, खांद्याची गाठ, मग उंची, कंबर, छाती. एका बाईचा एक दोरा. तो बोटांवर गुंडाळून त्याची छोटी गुंडी करायची आणि पत्र्याच्या चौकोनी डब्यात टाकायची. डब्यात शंभरावर गुंड्या असतील. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. कुठं चिठ्ठी नाही, खूण नाही. पण कुणी बाई कापड घेऊन आली, की आई डब्यात हात घाली, दोनचार गुंड्या चाचपी आणि नेमकी तिचीच बाहेर काढी. कसं ओळखतेस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, तुला तुझ्या वर्गातल्या पोरी पाठीमागून वळखू येत्यात का न्हाई, तसंच हाय हे.

बाजाराच्या गावी शिंप्याचं मोठं दुकान होतं. माणूस कसबी, पण त्याची पद्धत अशी, की तो गळ्यात टेप अडकवून माप घ्यायचा आणि पलीकडच्या मशीनवर बसलेल्या भावाला ओरडून सांगायचा, लिही अडतीस, लिही चौतीस. रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ऐकायचा. म्हणून बायका त्याच्याकडं स्वतः न जाता मापाला जुना झंपर पाठवीत, आणि जुन्या झंपरात बाई मावत नसते म्हणून तर नवा शिवायचा असतो. अशा सगळ्या आईकडं येत. आई त्यांना आतल्या खोलीत नेई, दार लावून घेई आणि मुकाट्यानं माप घेई. दोऱ्याचं टोक दातात धरलेलं असल्यामुळं तिला बोलताही यायचं नाही. बाहेर येताना बाईचा पदर नीट झालेला असे आणि चेहरा मोकळा. आपल्या शरीराचा आकडा कानावर पडू न देता कपडा अंगाबरोबर बसतो, याचं सुख काय असतं ते मला पुढं चाळिशीत कळलं.

यातच सुलामावशी होती. सख्खी मावशी नव्हे, गावाची मावशी. तिच्या पुरणपोळ्या. एवढं बोलून मला खरं म्हणजे थांबता येईल, कारण ज्यांनी खाल्ल्या त्यांना पुढचं सांगायला नको आणि ज्यांनी नाही खाल्ल्या त्यांना सांगून कळणार नाही. कडेपर्यंत पुरण, तव्यावरून उचलली की हातरुमालासारखी घडी व्हावी इतकी मऊ. सोबत येळवणीची आमटी, झणझणीत. कुणाकडं साखरपुडा, बारसं, काहीही असो, आधी सुलाला विचारत आणि मग तारीख धरत. मध्यंतरी ती दोन महिने पुण्याला दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन झालं असं घरच्यांनी सांगितलं, गावानं मानलं. परत आली ती थोडी वाळलेली, पण महिन्याभरात पुन्हा परातीपुढं बसली. त्यानंतर तिचा झंपर शिवायचा असला की आई मला हमखास पाण्याला पाठवी. हंडा भरलेला असला तरी.

मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात आईला विषमज्वर झाला. ऐन लग्नसराई. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि कापडांचा ढीग तर तसाच पडलेला. मला शिवता येत होतं, शाळेतही शिवणाचा तास होता. तेव्हा ठरलं, की आई खाटेवरून सांगेल आणि मी शिवेन. मी डबा तिच्या हाताशी नेई. डोळे मिटून ती गुंडी काढी, ही पारूची, ही भागीची, हिच्या पाठीला दोन बोटं सैल सोड, हिचा उजवा खांदा उतरता हाय. सगळं सांगून झालं की दर वेळी एकच बजावी. ध्यानात ठेव, लिवू नको.

आणि मी लिहिलं. आमच्या शिवणाच्या बाईंनी शाळेत मापाची वही करायला शिकवलं होतं, माझी वही त्यांनी वर्गात फिरवली होती. मला वाटलं, आईचा धंदा अडाणी आहे, तो मी आता पक्का करते. दोनशे पानी वही, तांबडी रेघ, क्रमांक, नाव, मापं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शाळेच्या हजेरीत असतो तसा. एकेक दोरा पट्टीवर धरून मी इंच मोजले आणि शेऱ्यात आईनं सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं. सुलामावशीच्या नावापुढं लिहिलं, 'डावीकडे आतून कापसाची गादी. धुताना काढता यावी.' लिहितानाच मला कळलं की पोटाचं ऑपरेशन पोटाचं नव्हतं, छातीचं होतं. तरी अक्षर काढायचा सोस इतका, की मी शेवटचं टिंबसुद्धा नीट दिलं. त्या वहीची मला लाज वाटते असं मी आजवर पुष्कळदा म्हटलं आहे. खरं सांगायचं, तर तेव्हा ती उशाशी घेऊन झोपावं असं मला वाटत होतं.

आज हे वाचणाऱ्या मुलींना वाटेल, मग त्यात एवढं काय. तेव्हा त्या आजाराचं नावही कुणी घेत नसे. तो शिवाशिवीनं होतो अशी खात्री होती. ज्या बाईला तो झाला, तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं, मग पोळी तर दूरच. आणि सुलामावशीचं गावात जे काही होतं ते तिच्या हातांमुळं होतं. शेत नाही, मूल नाही, नवरा अबोल. त्या परातीपुढचा पाट काढून घेतला असता तर ती घराच्या कोपऱ्यात बसून संपली असती.

वही लिहून आठ दिवसही झाले नसतील. चेअरमनची विजया, माझ्या वर्गातली, तिच्या आईचा झंपर न्यायला आली. तिची आई म्हणजे आक्कासाहेब. गावच्या सोसायटीचे चेअरमन त्यांचे यजमान, पण चेअरमनना खुर्चीवर बसा म्हणणाऱ्या आक्कासाहेबच, असं गमतीनं म्हटलं जायचं. विजया वाट बघत मशीनपाशी बसली. आतून आईनं पाणी मागितलं म्हणून मी गेले, आणि परत येते तर वही हिच्या मांडीवर उघडी. मीच ती मशीनवर ठेवली होती, खोटं कशाला बोलू, कुणीतरी बघावी म्हणूनच ठेवली होती. विजयानं निरागसपणे विचारलं, सुलामावशीला गादी कशापायी लागती गं. मी वही ओढून घेतली, झंपर तिच्या हातात कोंबला आणि तिला जवळजवळ ढकलूनच घालवलं. असं केल्यावर एखादी गोष्ट जास्तच लक्षात राहते, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

तीन दिवस तसेच काढले. चौथ्या दिवशी आई पहिल्यांदा उठून चुलीपुढं बसली होती, वाटीत माडगं होतं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. मारेल असं वाटलं होतं. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, वही आण, आन् मला वाचून दाव. मी पहिल्या पानापासून हळू आवाजात वाचत गेले. पारू, भागी, एकेक नाव, एकेक शेरा. त्या बायका तिच्यापुढं जशा उभ्या राहत तशा मी त्यांना माझ्या वाचण्यानं उभ्या करत होते, फरक इतकाच की या वेळी दार सताड उघडं होतं. शेवटचं पान झाल्यावर आई म्हणाली, "त्या बायांनी मला अंग दावलं. तुला न्हाई दावलं, आन् कागदाला तर न्हाईच न्हाई." मग वही चुलीत घालायला सांगितली. पुठ्ठा जाड होता, जळायला वेळ लागला. त्याच विस्तवावर आईच्या अंघोळीचं पाणी तापलं.

अंघोळ करून तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून निघाली. पायांत त्राण नव्हतं. वाटेत दोघीचौघींनी ताप कसा आहे विचारलं, तिनं बरा आहे म्हणून सांगितलं. आपण कुठं चाललो हे मला सुलामावशीचं दार दिसल्यावर कळलं. मावशी गहू निवडत बसली होती. आईनं ती बस म्हणायची वाटही पाहिली नाही. "सुला, तुझी गोष्ट माझ्या घरातनं भायेर गेली. पोरीनं लिवून ठिवली, विजयानं वाचली. पोर माझी हाय, तवा चूक माझी हाय."

मावशीचा सुपातला हात थांबला. आक्कासाहेबांच्या मुलाचा साखरपुडा पाच दिवसांवर होता आणि पोळ्या तिलाच सांगितलेल्या होत्या. किती जणींना कळलंय, एवढंच तिनं विचारलं. आईनं सांगितलं, धरून चाल दोघींना, लेकीला आणि आईला. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं खाली मान घालून पुन्हा गहू निवडायला घेतले, आणि मला दिसत होतं, की ती खड्याबरोबर चांगले दाणेही बाजूला टाकते आहे.

पुढं माझी सगळी नोकरी दवाखान्यात झाली, केसपेपरच्या खिडकीवर. सासवा यायच्या, सुनेचं काय निघालं विचारायला. भावकीतले यायचे आणि आमचंच माणूस आहे म्हणायचे. मी केसपेपर टेबलावर नेहमी पालथा ठेवायची. नवीन लागलेल्यांना माझा तो हट्ट विचित्र वाटे. चूक हातून कुणाच्याही होते, पण ज्याचं गुपित फुटलं त्याच्या दारात स्वतःच्या पायांनी जाऊन ते सांगायचं, हे मी तापातून उठलेल्या एका अंगठेबहाद्दर बाईकडून शिकले. त्या बाईची मी लेक आहे, याचा मला गर्व आहे. अभिमान वगैरे सौम्य शब्द मला इथं पुरत नाहीत.

सुलामावशीकडं जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कासाहेब स्वतः आल्या. तशा त्या वाईट नव्हत्या. आई आजारी असताना त्यांच्याकडून दूध येत होतं. पण सोयरीक मोठ्या घराण्याशी होती, शेदीडशे पान उठणार होतं, आणि उद्या व्याह्यांनी काही ऐकलं तर काय, या धास्तीनं त्यांची झोप उडालेली दिसत होती. आई मशीनवर होती. त्यांनी आडून आडून सुरुवात केली, पुण्याचा दवाखाना, पोटाचं ऑपरेशन, आणि शेवटी सरळच विचारलं, सुलाला नेमकं झालंय काय. आई पाय न थांबवता म्हणाली, "आक्कासाहेब, मी कापडं शिवती. माणसं उसवीत न्हाई."

वही आहे म्हणे, त्या म्हणाल्या. होती, जाळली, आई म्हणाली. मग त्यांनी मोहरा माझ्याकडं वळवला. मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. तू वर्गात पहिली येतेस, तू खोटं बोलत नाहीस, असं सगळं गोड बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सांग बाई, सुलाच्या नावापुढं काय लिवलं व्हतं?"

मी आईकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. मशीन चालूच होतं, लांब सरळ शिवण. खोटं बोलणं सोपं होतं, काही नव्हतं लिहिलं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आई खोटं बोलली नव्हती. मी म्हटलं, मी सांगणार न्हाई. त्या लगेच म्हणाल्या, म्हंजी काहीतरी हाय. झालं, मीच माझ्या पायानं पिंजऱ्यात गेले होते. आणि मग जे तोंडातून निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते.

"आक्कासाहेब, तुमच्या नावापुढंबी लिवलं व्हतं. तेबी मी कुनाला सांगणार न्हाई."

मशीन थांबलं. ही धमकी नव्हती. मी अक्षरशः जेवढं बोलले तेवढंच मला म्हणायचं होतं. ऐकणारीला तसं वाटलं असेल तर माझा नाइलाज आहे. आक्कासाहेबांच्या शेऱ्यात काय होतं ते मी इथंही लिहिणार नाही, वाचणाऱ्यांनी तो नाद सोडावा. आई उठली, डबा आणला आणि सगळ्या गुंड्या चटईवर ओतल्या. "ह्यात तुमचा बी दोरा हाय. वळखा."

आक्कासाहेबांनी एक गुंडी उचलली, सोडली, आपल्या दंडाला लावून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती एवढी रुबाबदार बाई चटईवर मांडी घालून आपलंच माप शोधत होती. दहाबारा दोरे पाहून झाल्यावर त्यांचा हात थांबला. किती वर्षं त्या या घरात पाठ फिरवून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातलं काय काय आईला ठाऊक होतं, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलं. सोडलेले दोरे त्यांनी स्वतः एकेक करून पुन्हा गुंडाळले, डब्यात भरले, झाकण लावलं. उठताना पदर सावरत म्हणाल्या, "साखरपुड्याच्या पोळ्या सुलाच करील." आणि विजयाला मी बघते, एवढं दारातून बोलून गेल्या.

त्या संध्याकाळी आईनं शेंगोळ्या केल्या. अंगात ताकद नसताना पाटावर बसून एकेक वळली. मला शाबासकी दिली नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. जेवणं झाल्यावर मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि गोधडीचा दोरा काढून माझं माप घेतलं. तोवर ती माझे कपडे नुसत्या नजरेनं शिवत असे. गाठी मारून झाल्यावर गुंडी डब्यात टाकली आणि म्हणाली, आता तुझाबी हाय ह्यात. मला त्या क्षणी इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं, की पुढं नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही तेवढं वाटलं नाही.

आता दुकानात सुई घ्यायला गेलं तरी मोबाईल नंबर विचारतात. मी म्हणते, माझ्याकडं मोबाईल नाही, आणि नेमका तेव्हाच तो पिशवीत वाजतो. नातीच्या ब्लाउजचं माप परवा शिरूरच्या एका मुलीनं घेतलं, आकड्यांचा फोटो काढला आणि कारागिराच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात कोण कोण आहे म्हणून मी विचारलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही. मी तो तिथल्या तिथं पुसायला लावला, तेव्हा नात म्हणाली, आजी, तुझं काहीतरीच असतं. असू दे.

आई गेल्यावर डबा माझ्याकडं आला. हे प्रकरण लिहायचं ठरलं, तेव्हा तो घेऊन मी सुलामावशीकडं गेले. ती अजून आहे. ऐंशी ओलांडली, दात नाहीत, कान शाबूत. मी म्हटलं, मावशी, तुझी गोष्ट लिहू का, तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार. तिनं डबा मांडीवर घेतला आणि आपला दोरा शोधू लागली. ज्या दोऱ्यात छातीचं माप कमी असेल, तोच आपला, असं तिला वाटत होतं. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं. पण तसा दोराच त्यात नव्हता. ऑपरेशननंतरही आईनं तिचं माप बदललं नव्हतं. दोऱ्यात ती पहिल्यासारखीच पुरी होती, आणि गादीचं फक्त आईच्या बोटांना ठाऊक होतं. हे लक्षात आल्यावर मावशीनं डबा छातीशी धरला.

मग म्हणाली, "लिही. गावाचं नाव नको, माझं नको. पर पोळ्या माज्याच व्हत्या म्हून लिही."

मी म्हटलं, मावशी, नाव न घालता पोळ्या तुझ्या होत्या हे लोकांना कसं कळणार. ती म्हणाली, ते तुझं तू बघ, शिकलीस न्हवं एवढी.

तर लिहिते. त्या साखरपुड्याला शेदीडशे पान उठलं, आक्कासाहेबांनी पहिली पोळी भरल्या मांडवात उभ्या राहून स्वतः खाल्ली, व्याही मागून मागून जेवले, आणि त्या पोळ्या तिच्याच हातच्या होत्या.